खोक्यावर ३० मिनिटे, हातात २० : लहान ड्रोनची बॅटरी नेमकी किती वेळ पुरायला हवी?

बांधावरचा :

नमस्कार. माण तालुक्यातल्या आमच्या गावात गेली काही वर्षे जलसंधारणाची कामे चालू आहेत आणि त्यांची नोंद राहावी म्हणून मी दर महिन्याला ठरावीक ठिकाणांवरून, ठरावीक उंचीवरून पाझर तलाव, माती नालाबांध आणि सलग समतल चर यांची छायाचित्रे ड्रोनने घेतो. ड्रोन २४९ ग्रॅम वजनाचा आहे, अडीच वर्षे वापरात आहे आणि त्याच्याबरोबर आलेल्या दोन बॅटऱ्या मी आलटून पालटून वापरतो. खोक्यावर उड्डाणकाल ३० मिनिटे छापलेला आहे. अगदी नवा असतानाही मला कधी बावीस मिनिटांच्या वर उडवता आला नाही, आणि आता तर अठरा-वीस मिनिटांतच बॅटरी वीस टक्क्यांवर येऊन रिमोट ओरडू लागतो.

इतके दिवस मी हे चालवून घेत होतो, पण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मात्र फजिती झाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास गावाच्या पश्चिम टोकाला असलेल्या शाळेच्या मैदानातून ड्रोन उडवला, जवळच्या बांधांची छायाचित्रे घेतली आणि बॅटरी ७२ टक्के असताना पूर्वेकडे सव्वा किलोमीटरवर असलेल्या शेवटच्या बांधाकडे पाठवला. जाताना काहीच अडचण आली नाही. काम आटोपून ५८ टक्क्यांवर परत बोलावले, तर पडद्यावर अंतर इतके सावकाश कमी होऊ लागले की मला प्रथम पडदाच अडकला आहे असे वाटले. उंची ११० मीटर होती. शेवटी १४ टक्के शिल्लक दाखवत असतानाच 'सक्तीचे उतरणे' अशी सूचना आली आणि मैदानापासून तीनेकशे मीटर अलीकडे, कापणी झालेल्या ज्वारीच्या धसकटांत तो उतरला. एक पंखा दुमडला, बाकी नशिबाने काही झाले नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. छापील वेळेपेक्षा एक तृतीयांश वेळ कमी मिळणे सर्वसामान्य आहे की माझ्या बॅटऱ्या संपत आल्या आहेत? त्या दिवशी चूक बॅटरीची होती की माझी? आणि जास्त क्षमतेची बॅटरी बसवून हा प्रश्न सुटेल काय? कंपनीविषयी माझी तक्रार नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

अर्धवर्तुळ :

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि आमचे विद्यार्थी दरवर्षी एखादा ड्रोन जुळवतात, त्यामुळे या प्रश्नाशी माझा नेहमीचा संबंध आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की वीस मिनिटे मिळणे अगदी सर्वसामान्य आहे. दुसऱ्याचे उत्तर माझ्या मते बॅटरीपेक्षा वाऱ्यात आहे आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आधी छापील आकड्याविषयी. तुमच्याच वजनगटातल्या, डीजेआय कंपनीच्या मिनी २ चे उदाहरण घेऊ, कारण त्याची माहिती सर्वांना उपलब्ध आहे. त्याचा उड्डाणकाल ३१ मिनिटे दिलेला असतो, पण सोबत तळटीप असते की हे मोजमाप वारा नसताना, सेकंदाला ४.७ मीटर म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने उडताना घेतलेले आहे. त्याच कंपनीच्या मिनी ४ प्रोच्या तळटिपेत तर समुद्रसपाटी, ताशी २१.६ किलोमीटरचा स्थिर वेग आणि बॅटरी शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत, इतक्या अटी एकापाठोपाठ एक लिहिलेल्या आहेत. आता शून्य टक्क्यापर्यंत ड्रोन आपल्यापैकी कोण उडवतो? वीस टक्के राखून ठेवायचे म्हटले की ३१ मिनिटांची पंचवीसच राहतात, आणि थांबणे, वळणे, वाऱ्याला तोंड देत एका जागी उभे राहणे यांत आणखी चारपाच मिनिटे जातात. तुमची बावीस मिनिटे ही म्हणजे नव्या ड्रोनची प्रामाणिक कमाई होती.

कंपन्या तो विशिष्ट वेग का निवडतात, हेही पाहण्यासारखे आहे. ड्रोन एका जागी तरंगतो तेव्हा त्याचे पंखे स्वतःच खाली ढकललेल्या हवेत काम करत असतात. तो मध्यम वेगाने पुढे जाऊ लागला की पंख्यांना सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि तेवढेच वजन उचलायला कमी शक्ती लागते. वेग फार वाढवला की मात्र हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि ही बचत संपून जाते. या दोहोंच्या मधली सर्वांत स्वस्त जागा म्हणजे तो छापील वेग. छायाचित्रणात आपण नेमके उलट करतो, म्हणजे एका जागी थांबून चौकट जुळवत बसतो.

दुसरी गोष्ट हवेच्या घनतेची. तरंगण्यासाठी लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरतात. तुमचे गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश होते असे धरले, तर घनता १.०३ च्या आसपास येते, म्हणजे सोळा टक्क्यांनी कमी. त्यामुळे नुसते हवेत उभे राहायलाच नऊ टक्के शक्ती जास्त लागते. डिसेंबरातल्या सकाळी हा फरक बराच कमी होईल. तुमच्या जुन्या नोंदी काढून पाहा, थंडीतल्या उड्डाणांना दीड-दोन मिनिटे जास्त मिळालेली दिसतील.

आता वाऱ्याचे गणित. अशा ड्रोनच्या साध्या मोडमध्ये पुढे झुकण्याच्या कोनाला मर्यादा घातलेली असते, त्यामुळे हवेच्या तुलनेत त्याला सेकंदाला जास्तीत जास्त १० मीटर वेग घेता येतो असे धरू. त्या दिवशी ११० मीटर उंचीवर पश्चिमेचा वारा सेकंदाला ८ मीटरने वाहत होता असेही धरू, आणि आपल्या भागात उन्हाळी दुपारी हे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जाताना वारा पाठीशी होता. ड्रोनचे नियंत्रण जमिनीच्या तुलनेतला वेग सांभाळते, म्हणून तो १० मीटरच्या वेगानेच गेला, पण त्यातले आठ मीटर वाऱ्याने फुकट दिले. १,२०० मीटरला दोन मिनिटे लागली आणि सगळे आलबेल वाटले. परत येताना मात्र दहातून आठ वजा झाले आणि हातात सेकंदाला दोन मीटर उरले. तेच १,२०० मीटर कापायला ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे लागणार, आणि तीही पूर्ण झुकलेल्या अवस्थेत, पंखे जोरात फिरवत. तुमचा पडदा अडकलेला नव्हता.

यात घातक गोष्ट अशी की जाताना बॅटरी नेहमीपेक्षा सावकाश उतरते आणि त्यामुळे आपला भरवसा वाढतो. वारा दोन्ही बाजूंना सारखाच असला तरी एका दिशेला मिळालेला फायदा दुसऱ्या दिशेच्या तोट्याची भरपाई करत नाही, कारण तोट्याच्या दिशेला आपण जास्त वेळ घालवतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच देतो. डीजेआय मिनी ३ दोन बॅटऱ्यांवर चालतो. बॅटरीत मावणारी ऊर्जा वॉट-तासांत मोजतात; साधी बॅटरी १८.१ वॉट-तासांची आणि उड्डाणकाल ३८ मिनिटे, मोठी २८.४ वॉट-तासांची आणि ५१ मिनिटे. ऊर्जा ५७ टक्क्यांनी वाढली, वेळ मात्र ३४ टक्क्यांनीच, कारण वाढलेल्या ऊर्जेतला काही भाग वाढलेली बॅटरीच उचलण्यात खर्च होतो. शिवाय मोठ्या बॅटरीने ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो 'नॅनो' गटातून 'मायक्रो' गटात जातो, तेव्हा नियमही बदलतात. हे त्या ड्रोनचे झाले, ज्यात मोठ्या बॅटरीची सोय कंपनीनेच केली आहे. ज्याच्यात ती नाही, त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने जास्तीची बॅटरी बांधण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत; त्यांविषयी न बोललेले बरे.

एक टोचणारी गोष्टही सांगून टाकतो. सव्वा किलोमीटरवरचा अडीचशे ग्रॅमचा ड्रोन डोळ्यांना दिसत नाही. तो नजरेच्या टप्प्यात ठेवायला हवा, आणि ठेवला असता तर हा प्रसंगच आला नसता.

मंगलाष्टक :

वरचे गणित मला पूर्ण कळले असे म्हणणार नाही, पण अनुभवाने मी त्याच ठिकाणी पोचलो आहे. माझा लग्नाच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे आणि हंगामात दिवसाला सहासात बॅटऱ्या संपवतो. बांधावरचा यांना माझे सांगणे असे की पहिले मिनिट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उडवावे. वर गेल्यावर ड्रोन कसा झुकतो आहे, किती सरकतो आहे, ते पाहावे आणि मगच कामाचा क्रम ठरवावा. लांबचे काम वाऱ्याच्या तोंडाकडे असेल तर ते आधी करायचे, म्हणजे परतताना वारा ढकलत आणतो. तुमच्या बाबतीत वारा पश्चिमेचा आणि लांबचा बांध पूर्वेला, तर मोटारसायकलवर पूर्वेच्या टोकाला जाऊन तिथूनच उड्डाण करायला काय हरकत होती? पेट्रोल पाच-दहा रुपयांचे लागले असते, पंखा वाचला असता.

आणि वाऱ्यात अडकल्यावर दोन गोष्टी करायच्या. पहिली म्हणजे उंची कमी करायची, कारण जमिनीजवळ वारा मंद असतो. मध्ये विजेच्या तारा आणि झाडे नाहीत याची खात्री असेल तर तीसचाळीस मीटरवर यावे. दुसरी म्हणजे स्पोर्ट मोड लावायचा. लोक बॅटरी वाचावी म्हणून स्पोर्ट मोड टाळतात, आणि इथेच फसतात. मिनी २ सारखा ड्रोन त्या मोडमध्ये सेकंदाला १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे आठ मीटरच्या वाऱ्यातही परतीला आठ मीटर शिल्लक राहतात आणि दहा मिनिटांचा रस्ता अडीच मिनिटांत कापला जातो. मिनिटाला बॅटरी जास्त जाते हे खरे, पण मिनिटेच कमी लागतात.

आपोआप परत येण्याच्या सोयीवर विसंबू नये. ती आधी ठरवलेल्या उंचीवर चढते आणि मग येते. वरातीत एकदा मी ती उंची १०० मीटरवर ठेवून विसरलो होतो. खाली पानही हलत नव्हते आणि वर ड्रोन जागच्या जागी नाचत होता. नवरदेव घोड्यावरून उतरला तरी माझा ड्रोन उतरला नव्हता.

बांधावरचा :

दोघांचेही मनापासून आभार. मोटारसायकलचा मुद्दा इतका साधा आहे की तो मला सुचला नाही याचीच लाज वाटते. नजरेच्या टप्प्याविषयीची कानउघाडणीही मान्य आहे.

आज सकाळी वारा पडलेला असताना दोन्ही बॅटऱ्या एकापाठोपाठ एक तपासल्या. ड्रोन पंधरा फुटांवर एका जागी उभा ठेवला आणि ॲपमध्ये बॅटरीच्या माहितीचे पान उघडून ५० टक्क्यांना प्रत्येक सेलचे व्होल्टेज वहीत लिहिले. पहिल्या बॅटरीचे दोन सेल ३.७० आणि ३.६९ दाखवतात. दुसरीचे ३.६६ आणि ३.४९. त्या दिवशी शेवटच्या बांधाकडे गेलेली हीच दुसरी बॅटरी होती. पहिलीने वीस टक्के शिल्लक राहेपर्यंत एकवीस मिनिटे दिली, दुसरी सोळाव्या मिनिटाला गळाली. दोन्ही एकाच दिवशी आलेल्या, जवळपास सारख्याच वेळा भरलेल्या, मग एवढा फरक का? एक फरक मला आठवतो तो असा की पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ड्रोन कपाटात होता आणि त्या वेळी पहिली बॅटरी अर्धवट भरलेली, तर दुसरी शेवटच्या उड्डाणानंतर तशीच रिकामी राहिली होती.

सोल्डर :

तुम्ही स्वतःच निदान केले आहे, मी फक्त कारण सांगतो. माझे बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान आहे.

तुमच्या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, म्हणजे दोघांतून सारखाच प्रवाह जातो. बैलजोडीतला एक बैल थकून बसला की दुसरा कितीही ताजा असला तरी गाडी तिथेच थांबते, तसे हे आहे. एकाच वेळी पाहिलेल्या दोन सेलमध्ये ०.१७ व्होल्टचा फरक बराच मोठा आहे. चांगल्या बॅटरीत तो व्होल्टच्या शंभराव्या भागात असतो, तुमच्या पहिलीसारखा. भाराखाली तो एकदशांशाच्या वर नियमितपणे जाऊ लागला की मी गिऱ्हाईकाला सांगतो, आता ही बॅटरी उडवण्याची राहिली नाही.

त्या दिवशी १४ टक्के दाखवत असताना ड्रोन का उतरला, त्याचेही उत्तर यातच आहे. टक्केवारी हा बॅटरीतल्या सर्किटने प्रवाहाची बेरीज-वजाबाकी करून काढलेला अंदाज असतो. व्होल्टेज ही मात्र प्रत्यक्ष अवस्था असते. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि वाऱ्याशी झुंजताना मोटारींनी जास्त प्रवाह ओढला की त्या रोधामुळे व्होल्टेज एकदम खाली बसते. कमजोर सेल धोक्याच्या रेषेखाली गेला की ड्रोनचा मेंदू टक्केवारीची पर्वा न करता उतरतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्याने तसे केले नसते तर तो उतरण्याऐवजी पडला असता. म्हणजे अर्धवर्तुळ यांचा वारा आणि माझा सेल, दोघांनी मिळून तुम्हाला धसकटात नेले.

रिकामी बॅटरी चार महिने कपाटात राहिली, हेच दुखणे. लिथियमची बॅटरी वापरात नसतानाही सावकाश उतरत राहते, शिवाय आतल्या सर्किटलाही थोडी वीज लागते. आधीच तळाला असलेला सेल ठरावीक मर्यादेखाली गेला की आत रासायनिक बिघाड सुरू होतो आणि तो पुन्हा भरल्याने भरून येत नाही. उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. 'कधी गरज लागेल सांगता येत नाही' म्हणून लोक बॅटऱ्या शंभर टक्के भरून ठेवतात. पूर्ण भरलेल्या सेलवर, त्यातून उन्हाळ्यात, आतल्या विद्युतवाहक द्रावणाचे विघटन जोरात होते, त्यातून वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. बऱ्याच नव्या बॅटऱ्या काही दिवस पडून राहिल्यास आपणहून थोड्या उतरतात, ती सोय यासाठीच आहे. दिवसाआड पुन्हा शंभर टक्के भरून आपण ती निकामी करतो. ठेवायची असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर, म्हणजे सेलला साधारण ३.८ व्होल्टवर, थंड कपाटात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. दसऱ्याला शस्त्रे काढून पुसतात तशी नव्हे, त्याच्या आधी एकदा नारळी पौर्णिमेलाही.

उन्हाविषयी एक सांगतो. उड्डाणाहून आलेली बॅटरी हाताला चांगली ऊन लागते. ती तशीच चार्जरला लावू नये, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नये. मी स्वतः जेवणाच्या डब्याची आतून चंदेरी अस्तर असलेली पिशवी वापरतो. तीत बर्फ घालायचा नाही, कारण ओल सुटते. नुसती पिशवी सावलीत पुरते. थंडीत उलटे असते. माणात डिसेंबरच्या पहाटे चांगलीच थंडी पडते आणि थंड सेलचा रोध जास्त असतो, म्हणून बॅटरी अंगावरच्या खिशात ठेवावी आणि उडवल्यावर मिनिटभर खालीच तरंगू द्यावे, म्हणजे ती स्वतःच्या प्रवाहाने गरम होते.

दुसरी बॅटरी आता घरातही वापरू नका. ती टोचू नका, कचऱ्यात टाकू नका; टोकांवर चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

खडकवासलेकर :

नवी बॅटरी घेताना काय घडू शकते, एवढेच लिहितो. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. तरीही जुन्या प्रारूपांच्या अस्सल बॅटऱ्या शोधाव्या लागतात आणि त्या शोधात नकली माल गळ्यात पडतो. मी एका विक्रेत्याकडून 'अगदी मूळसारखीच, उलट क्षमता जास्त' म्हणून एक बॅटरी घेतली. वेष्टण सुबक, अक्षरेही जागच्या जागी होती. शंका आली म्हणून ओळखीच्या सराफाकडे जाऊन दोन्ही बॅटऱ्या त्याच्या काट्यावर ठेवल्या. मूळ बॅटरी ८४ ग्रॅम भरली, नवी ७१. सराफ म्हणाला, "हिच्यात तूट जास्त आहे."

वजन कमी आणि क्षमता जास्त, हे एकाच वेळी कसे जमावे? अर्धवर्तुळ किंवा सोल्डर यांनी सांगावे, पण माझ्या ड्रोनने उत्तर आधीच दिले होते : बारा मिनिटे.

अर्धवर्तुळ :

तुमच्या सराफाचा निर्णय बरोबर आहे. मिनी २ ची बॅटरी १७.३२ वॉट-तासांची आणि वजनाला पंच्याऐंशी ग्रॅमच्या जवळपास आहे, म्हणजे किलोमागे सुमारे २०० वॉट-तास. हा आकडा या प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी आधीच चांगला आहे. ७१ ग्रॅममध्ये त्याहून जास्त ऊर्जा भरायची तर किलोमागे अडीचशेच्या आसपास जावे लागेल. तेवढी घनता लांबट डब्यासारख्या लिथियम-आयन सेलमध्ये मिळते, पण त्यांना इतका जोराचा प्रवाह सहजासहजी देता येत नाही. म्हणून बॅटरी घेताना मिलीअँपिअर-तासांपेक्षा वॉट-तास आणि वजन पाहावे. मिलीअँपिअर-तासांत व्होल्टेज धरलेले नसते, त्यामुळे दोन सेल आणि चार सेल असलेल्या बॅटऱ्यांची त्यावरून तुलनाच होत नाही.

वॉट-तासांचा आणखी एक उपयोग आहे. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या लहान ड्रोनच्या बॅटऱ्या त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात.

राहून गेलेली एक गोष्ट. उंच चढवल्याने बॅटरी फार जाते, ही समजूत मी नेहमी ऐकतो. २४९ ग्रॅम वजन १२० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा जेमतेम ३०० ज्यूल आहे, आणि पंखे-मोटारींतला अपव्यय धरून ती दुप्पट झाली तरी मिनी २ च्या बॅटरीचा तो एक टक्का होतो. एकदा चढण्याने काही बिघडत नाही. वर जो वारा भेटतो तो महाग पडतो.

बांधावरचा :

सर्वांना कळवतो. काल सकाळी साडेसातला, बहुतेक वारा नसताना, पहिल्या बॅटरीवर काम केले. मोटारसायकलने आधी पूर्वेच्या बांधावर गेलो, तिथून उडवून चारही बाजूंची छायाचित्रे घेतली, उतरवला आणि मग मैदानावर येऊन उरलेले बांध केले. दोन्ही ठिकाणे मिळून साडेसोळा मिनिटे उड्डाण झाले आणि बॅटरी ३४ टक्के शिल्लक राहिली. ड्रोन पूर्ण वेळ डोळ्यांना दिसत होता. दुमडलेला पंखा बदलताना लक्षात आले की बाकीच्या पंख्यांच्या कडाही कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, म्हणून संपूर्ण संच नवा घातला. आवाजातला फरक माझ्या मुलालाही कळला.

दुसऱ्या बॅटरीवर मार्करने फुली मारून, टोकांना पट्टी लावून ती वेगळी ठेवली आहे. साताऱ्याला जाईन तेव्हा जमा करीन. नवी मिळेपर्यंत एका बॅटरीवर दोन फेऱ्यांत काम भागते, असे दिसते. फक्त पाझर तलावाचे पाणी आटल्यावर दिसणारा गाळ दुपारच्या उन्हातच स्पष्ट उमटतो, तो सकाळी लांब सावल्यांत हरवतो, तेव्हा त्या एका छायाचित्रासाठी मे महिन्यात पुन्हा दुपारी जावेच लागेल. त्या वेळी तलावाच्या पूर्वेच्या सांडव्यावर उभा राहून, चाळीस मीटरच्या वर न जाता घ्यावे असे ठरवले आहे.